नावेला पूर, गळाला निवळ

नदीत नाव सोडून चार-सहा दिवस प्रवाहाबरोबर उतरत जावे, डोह दिसला की गळ टाकावा, सायंकाळी वाळूवर तंबू ठोकावा आणि उजाडताच पुन्हा नाव लोटावी, हा बेत ऐकावयास जितका रम्य तितकाच आखावयास बिकट आहे. कारण नावेला पाणी भरपूर लागते, गळाला ते निवळ लागते, आणि या दोन्ही मागण्या एकाच नदीने एकाच वेळी पुरवाव्या अशी त्यात अपेक्षा असते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ज्या विरळ वस्तीच्या नद्यांवर असे प्रवास करण्याची चाल आज रूढ झाली आहे, तेथे पर्वतांवरील बर्फ वितळून आलेला मोठा लोट जूनच्या सुमारास ओसरतो आणि त्यामागून ऐन उन्हाळ्यात स्वच्छ, थंड व नाव तरंगेल इतके पाणी वाहत राहते. नागपूरच्या आसपासच्या नद्यांना हे भाग्य लाभलेले नाही. त्यांची सारी मदार चार महिन्यांच्या पावसावर. आषाढ-श्रावणात त्या वाटेल तेवढी मोठी नाव वाहून नेतील, परंतु त्या गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसावयाचे नाही. आणि फाल्गुन-चैत्रात पाणी तळ दिसेल इतके निवळते, तोवर नाव खडकाला लागलेली असते. मध्ये उरतात ते थोडे आठवडे. या प्रांतातील नदीप्रवासाचा इतिहास म्हणजे ही मधली फट गाठण्याचा, पुढे ती रुंदावण्याचा आणि अखेरीस ती बुजवून टाकण्याचा इतिहास होय.

प्रथम भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. नागपूर शहर नागनदीच्या काठी वसले असले, तरी या प्रदेशाची खरी जलवाट शहराच्या उत्तरेस व पूर्वेस आहे. सातपुड्यात उगम पावलेली कन्हान कामठीजवळ येते, तेथवर तिला पेंच आणि कोलार मिळतात. पुढे अंभोऱ्याशी ती वैनगंगेत विसर्जित होते. वैनगंगा ही शिवनी जिल्ह्यातील मुंडाऱ्याची. बालाघाट, भंडारा, पवनी, वडसा, आरमोरी असा दक्षिणमार्ग आक्रमीत, मार्कंड्याच्या मंदिरसमूहापाशी काही अंतर उत्तरवाहिनी होऊन, ती चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, आणि त्या दोघींचा संयुक्त प्रवाह प्राणहिता या नावाने सिरोंच्याशी गोदावरीत शिरतो. नकाशावर बोट फिरविणाऱ्यास वाटावे की कामठीच्या घाटावर नाव सोडली म्हणजे ती विनासायास बंगालच्या उपसागरास लागेल. या वाटण्याने पुढे सरकारी खजिन्याचे मोठे नुकसान केले, ती हकीकत यथाक्रम येईलच.

मासे केवळ उदरभरणार्थ न धरता विनोदार्थ धरावे ही कल्पना साहेबाने या देशात आणली असा एक समज आहे, तो निराधार होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इ. स. ११३० च्या सुमारास, जो ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकीचे प्रकार सांगताना मत्स्यविनोदाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गळाची काठी कशी असावी, दोर कशाचा वळावा, आकडा कोणता, कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते, एका ठिकाणी आधी खाद्य टाकून मासे तेथे येण्याची सवय कशी लावावी, या सर्व गोष्टींचा त्यात तपशीलवार विचार आहे. इंग्रज गळकऱ्यांचे आराध्य दैवत जो आयझॅक वॉल्टन, त्याचा ग्रंथ १६५३ सालचा; म्हणजे दक्षिणेतील हा राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. मात्र सोमेश्वराचा विनोद स्थिर आहे: राजा काठावर बसतो आणि मासा त्याच्याकडे आणला जातो. माशाकडे आपण जावे, आणि तेही दिवसेंदिवस प्रवाहाने जावे, ही विद्या राजवाड्यातली नव्हे, ती ढिवरांची.

ढिवर, ढीमर, भोई, कहार अशा नावांनी हा समाज वऱ्हाड-नागपुरापासून छत्तीसगडापर्यंत पसरलेला आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या चार खंडांत त्यांच्या उद्योगांची जी नोंद आहे, ती पाहिली असता त्यांचे सारे वर्ष पाण्याच्या चढउतारावर बेतलेले होते असे दिसते. पावसाळ्यात नदी अडली की उतारूंना डोंग्यातून पार करावे. पाऊस सरल्यावर तलावातील शिंगाडे काढावे. हिवाळ्यात जाळी आणि गळ चालवावे. नदीचे पात्र उघडे पडले की त्याच वाळूत खरबुजे-काकड्यांच्या वाड्या लावाव्या. आणि अधूनमधून पालखी वाहावी, घरोघर पाणी भरावे. ज्याला कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात किती पुरुष पाणी असते, कोणत्या खडकाच्या डाव्या अंगाने डोंगा निघतो आणि उजव्या अंगाने फुटतो, मरळ कोठल्या लव्हाळ्यात दबून राहते आणि शिंगाळा कोणत्या वेळी तळातून वर येतो हे ठाऊक आहे, त्याच्यापाशी नदीची मोजणी तयारच असते. ती दप्तरात लिहिलेली नसते इतकेच. हस्ताचा पाऊस सरला, पाणी तांबूसपणा टाकून हिरवट दिसू लागले, पण उथळ उतारांवर डोंगा अजून घासत नाही, असा जो कार्तिक-मार्गशीर्षाचा काळ, तोच नाव आणि गळ या दोहोंचा सामाईक हंगाम, हे गणित या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवून ठेवले होते.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले औरस पुत्रावाचून निवर्तले, १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचा मुलुख खालसा केला, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. नव्या अंमलदारांपुढे पहिला प्रश्न दळणवळणाचा होता. हिंगणघाटचा कापूस नामांकित, पण तो बंदराला पोहोचवावयाचा तर बैलांच्या पाठीवरून. आणि समुद्राचे मीठ या मुलुखात यावयाचे तर तेही बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून. तशात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या हवालदिल झाल्या, आणि हिंदुस्थानच्या अंतर्भागातील कापूस कोणत्या मार्गाने लवकर बाहेर पडेल याची विलायतेत चर्चा सुरू झाली. धवळेश्वरमचा बंधारा बांधून गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ज्याने १८५२ पावेतो ओलिताखाली आणला होता, त्या सर आर्थर कॉटनचा जलमार्गांवर अढळ विश्वास होता, आणि गोदावरी-प्राणहिता-वर्धा ही वाट मोकळी केली असता कापूस खाली व मीठ वर अशी दुहेरी वाहतूक होईल असे त्याच्या पक्षाचे म्हणणे होते. नदीची पाहणी व पुढे कामाची देखरेख कॅप्टन हेग या अभियंत्याकडे आली. निजामाशी १८६० मध्ये झालेल्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीराचे तालुके इंग्रजांकडे आले होतेच, त्यांचा एक ‘अपर गोदावरी’ जिल्हा करून सिरोंच्यास कचेरी थाटण्यात आली. आणि १८६२ पासून मध्यप्रांताचा चीफ कमिशनर असलेला रिचर्ड टेंपल याने नागपुरातून या योजनेचा हिरिरीने पाठपुरावा केला.

परंतु नदीने तीन ठिकाणी पहाऱ्याच्या चौक्या बसविल्या होत्या. दुम्मागुडेम येथे पहिला, इंचमपल्लीपाशी दुसरा आणि प्राणहितेत देवलमारीजवळ तिसरा असे खडकाळ पात्राचे लांबलचक अडथळे होते, ज्यांवरून पुरात नाव नेणे म्हणजे प्राणावर बेतणारे आणि पूर ओसरल्यावर नेणे अशक्य. बंधारे, बगलेचे कालवे आणि दरवाजे बांधून हे तिन्ही अडथळे चुकवावयाचे असा बेत ठरला. जंगलातला ताप, मजुरांचा दुष्काळ आणि दर पावसाळ्यात खंडित होणारे काम यांमुळे वर्षांमागून वर्षे गेली. शिवाय एवढे करूनही नदी बाराही महिने चालणार नव्हती. तोवर मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास येऊन थडकली, आणि पूर असो वा अवर्षण असो, ठरल्या वेळी निघणाऱ्या आगगाडीपुढे हंगामी आगबोटीचा टिकाव लागण्याजोगा नव्हता. १८७१ मध्ये काम सोडून देण्याचा हुकूम झाला. सहा वर्षांनी, १८७७ च्या पहिल्या दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि येथला कापूस येथेच कातला जाऊ लागला. अहेरीच्या जंगलातील सागाचे ओंडके मात्र तराफे बांधून प्राणहिता-गोदावरीने राजमहेंद्रीपर्यंत जात राहिले. कारण तराफ्याला दरवाजे लागत नाहीत, त्याला हंगाम पुरतो.

कॉटन-हेग यांच्या फसलेल्या उद्योगाला समांतर अशी एक घटना नेमकी त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस घडत होती. २४ मे १८६९ रोजी जॉन वेस्ली पॉवेल याने वायोमिंगमधील ग्रीन नदीत चार नावा लोटल्या. बरोबर नऊ सोबती आणि दहा महिन्यांची रसद. थोड्याच दिवसांत एक नाव खडकावर फुटली, रसद वाहून गेली किंवा भिजून कुजली, आणि ऑगस्टच्या अखेरीस कोलोरॅडोच्या महादरीतून जे बाहेर पडले ते सहाच जण. त्याने नदी बदलण्याचा प्रयत्न केला नाही. तिच्या चालीने जाऊन तिचे वर्णन लिहिले. अमेरिकेतील आजच्या हौशी नौकाविहाराची परंपरा त्या प्रवासापर्यंत मागे नेता येते, तर गोदावरीच्या योजनेमागे राहिले ते अर्धवट बांधकामाचे अवशेष आणि सरकारी अहवाल.

व्यापाराची नाव फसली त्याच सुमारास हौसेची नाव निघाली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळुरात छापला गेला आणि हिंदुस्थानातील साहेबांना महसीर या माशाचे वेड लागले. या माशाची दख्खनी जात शास्त्राला आधीच ठाऊक होती. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून तिचे वर्णन करून येथल्याच लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव तिला कायम केले होते. पेंचच्या डोहांतही महसीर होता. वेगवान पाण्याच्या तोंडाशी उभा राहणारा, खेकडे-शिंपल्यांपासून काठावरच्या झाडांच्या फळांपर्यंत सर्व काही खाणारा, गळाला लागताच शेकडो हात दोर ओढून नेणारा हा मासा स्कॉटलंडच्या सामनहून जोरकस, असे थॉमसने निःसंदिग्धपणे लिहिले. आकड्यावर पिसे व रेशीम बांधून केलेली कृत्रिम माशी वजनाला नगण्य असते, त्यामुळे ती दोराच्या वजनावर झुलवून फेकावी लागते, आणि ती माशाने पाहावी म्हणून पाणी स्वच्छ व उथळ असावे लागते. म्हणून मोठ्या डोहात धातूची चमचावजा तकटी आणि खळाळत्या उतारावर माशी, असा भेद अनुभवी गळकरी करीत. या कामासाठी जी चिरफळ्या जोडून केलेली बांबूची काठी विलायत-अमेरिकेत नावाजली गेली, तिच्यासाठी अमेरिकन कारागीर कित्येक वर्षे ‘कलकत्ता’ बांबूच वापरीत असत, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

साहेबाचा बेत पाहिला तर त्यात शिस्त होती, पण ती उसनी होती. हिवाळ्यात जिल्ह्याचा अंमलदार दौऱ्यावर निघे. जमाबंदी, फिर्यादी आणि रस्त्यांची पाहणी हे दौऱ्याचे कारण, आणि बंदूक व गळ हा त्याचा अलंकार. दोन तंबू, एक पुढे जाऊन उभारावयाचा व एक मागे राहावयाचा. खानसामा, चपराशी, बैलगाड्या. मुक्कामाच्या गावी मालगुजाराने रसद पुरवावयाची आणि गावकऱ्यांनी बेगार द्यावयाची. कामठीची छावणी १८२१ पासून कन्हानच्या काठीच वसलेली, तेव्हा तेथल्या पलटणीच्या अधिकाऱ्यास नदी दाराशीच होती. वैनगंगेच्या वरच्या खोऱ्याची त्या काळातील जंगलमुक्कामाची चित्रे पाहावयाची असतील तर शिवनीच्या रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याचे १८७७ चे पुस्तक पाहावे. ज्या किपलिंगने वैनगंगेला मोगलीच्या कथांतून जगभर नेले, त्याने ती नदी पाहिलेली नव्हती आणि या मुलुखाची माहिती त्याने स्टर्नडेलसारख्यांकडून घेतली होती. परंतु गळ कोठे टाकावा, नाव कोठे थांबवावी, कोणता उतार पायी ओलांडून डोंगा रिकामा सोडावा, हे सांगणारा मनुष्य ढिवरच असे, आणि त्याचे नाव साहेबांच्या ग्रंथांत क्वचितच आढळते.

या हौसेतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७३ च्या आपल्या अहवालात बारीक आसांची जाळी व पाण्यात कालवलेले विष यांमुळे गोड्या पाण्यातील मत्स्यसंपत्ती कशी नष्ट होत आहे हे दाखविले. थॉमसनेही तीच तक्रार लावून धरली. आणि १८९७ मध्ये हिंदुस्थानचा मत्स्यविषयक कायदा होऊन स्फोटक द्रव्याने किंवा विष घालून मासे मारणे हा अपराध ठरला. कायद्याचा हेतू योग्य होता. तथापि दारूगोळा आणि सुरुंग नदीकाठी कोणी आणले हा प्रश्न त्या अहवालांत फारसा विचारलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे हक्क संपले आणि भंडारा-चांद्याकडील कोहळी पाटलांच्या परंपरेतील हजारो तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ म्हणजे बोलीभाषेत ‘मामा तलाव’ झाले. ढिवरांच्या सहकारी संस्थांना ते मासेमारीसाठी ठेक्याने मिळू लागले. तलावाचे असे झाले. नदीची गत निराळी झाली. पेंचवर तोतलाडोह येथे धरण बांधून वीज आणि पाणी मिळाले, पण त्याचबरोबर आसमंतातले अरण्य राष्ट्रीय उद्यान झाल्याने जलाशयात जाळे टाकणे हाच गुन्हा ठरला. ज्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली त्यांनी त्याच पाण्यात मासे धरू नयेत हा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मध्यप्रदेश सरकारने तेथील ३०५ विस्थापित आदिवासी कुटुंबांना दिलेले परवाने न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये कायम ठेवले; मात्र छायाचित्रासह ओळखपत्र बाळगावे, जलाशयातील बेटांवर जाऊ नये, काठावर चूल पेटवू नये अशा शर्ती घातल्या. त्या शर्ती वाचताना जाणवते की शे-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या काठावर साहेबाचा तंबू बिनदिक्कत उभा राहत असे, त्याच काठावर आता मूळच्या रहिवाशाला भाकर शेकण्याचीही मनाई होती.

वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दच्या धरणाचा पाया एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते घातला गेला, आणि आज त्या जलाशयाचा फुगवटा थेट अंभोऱ्याच्या संगमापर्यंत चढतो. खाली सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बंधारा जून २०१९ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. गोदावरीने कॉटनच्या वारसांना दिलेले हे उत्तर जुन्या तीन अडथळ्यांच्या उत्तराहून फारसे वेगळे नाही. या साऱ्या बांधकामांनी शेताला पाणी मिळाले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नाव आणि गळ यांच्या दृष्टीने पाहिले तर हंगामाची ती मधली फटच बुजली. धरणाच्या वर पाणी आहे पण प्रवाह नाही. धरणाखाली प्रवाह आहे तो दरवाजा उघडेल तेव्हा. वाहत्या पाण्यात अंडी घालणारा आणि त्यासाठी पुराबरोबर वर चढणारा महसीर भिंतीपाशी अडतो. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीजकंपनीने डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांच्या साहाय्याने १९७० नंतर महसीरची कृत्रिम पैदास करून लाखो पिल्ले देशभर पाठविली, हे काम गौरवास्पद खरे. पण पिल्लू सोडता येते, नदी सोडता येत नाही.

अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून आठ नद्या धरणमुक्त राखण्याचे ठरविले. त्यांपैकी आयडाहोतील सामन नदीच्या मधल्या फाट्यावर आज नाव सोडावयाची तर परवान्यांची सोडत निघते, दररोज किती टोळ्या उतरतील हे ठरलेले असते, आणि मुक्कामाची वाळू जशी सापडली तशीच सोडून जावी लागते. त्या नद्या निर्जन राहिल्या त्या योगायोगाने नव्हे. तेथे गर्दीला कायद्याने लगाम घातला म्हणून. आपल्याकडे वैनगंगेचा मार्कंड्यापासून चपराळ्यापर्यंतचा टापू आणि पुढे प्राणहिता यांना असे संरक्षण देण्याचा विचार कोणी करील तर तो अप्रस्तुत ठरणार नाही. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याने पाणवठ्यावरील मासे व इतर उपज यांवर गावसमूहांचा हक्क मान्य केलेलाच आहे, तेव्हा त्याची कारभारी मंडळीही आयती आहेत.

तोपर्यंत ज्या वाचकास हा प्रवास करावयाचा असेल त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. हस्त-चित्रा सरल्याशिवाय नाव लोटू नये आणि पौषानंतर उथळ पात्राचा भरवसा धरू नये. वरच्या धरणातून पाणी कधी सुटते याची पाटबंधारे खात्याकडे आधी चौकशी करावी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ बाहेर काढू नये, आणि इतरत्र त्या पाण्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी. महसीर लागलाच तर तो ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत द्यावा. आणि नावाडी म्हणून त्या काठचाच ढिवर घ्यावा. तो म्हणेल तेथे थांबावे, तो म्हणेल तो उतार पायी ओलांडावा, आणि त्याची मजुरी बेगारीच्या दराने न देता खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीत मांडावी.